गुणाजी भोई आणि यमाचा रेडा

या, सरका जरा. पाय पांघरुणात घ्या. आणि जो मध्येच लाथा झाडील त्याला रेड्याच्या पाठीवर बसवून देईन, आधीच सांगून ठेवते.

एक होता भोई. हो, भोईच. रोज रोज राजाचीच गोष्ट काय ऐकायची? राजा पालखीत बसतो, पडदा ओढतो आणि घोरतो. काटा बघतो, खड्डा बघतो, ओढा ओलांडतो तो भोई. म्हणून आज भोयाची गोष्ट.

तर या भोयाचं नाव होतं गुणाजी. डोंगरजाई देवीच्या डोंगराखाली, नदीच्या काठी त्याचं गाव होतं. गुणाजी म्हणजे पुढचा भोई, बरं का. डोली खांद्यावर घेतली की पुढच्याला वाट दिसते. मागच्याला दिसतो नुसता डोलीचा पडदा. म्हणून पुढचा ओरडून सांगतो, "डावीकडं दगड!" मागचा म्हणतो, "हां!" पुढचा म्हणतो, "वर फांदी!" मागचा म्हणतो, "हां!" गुणाजीच्या मागं सगळा जन्म केरबा चालला. वाट कशी असते हे केरबाला ठाऊकच नव्हतं. त्याला ठाऊक होता गुणाजीचा आवाज, आणि त्या आवाजावर तो कधी ठेचकाळला नाही.

गुणाजीनं राजाला नेलं. राजाच्या जाडजूड मामाला नेलं, तेव्हा आठ दिवस खांदा शेकत बसला. पण त्याला खरं आवडायचं ते नव्या नवरींना न्यायला. माहेर सुटलेलं, सासर पाहिलेलं नाही, मग त्या पोरी काय करायच्या? डोलीचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरायच्या आणि ताठ बसायच्या. आता माणूस ताठ बसला ना, की डोली हेलकावे खाते आणि एकाचं ओझं दोघांएवढं होतं. मग गुणाजी चालता चालताच म्हणायचा, "पोरी, दांडा सोड. अंग सैल टाक. भार आमचा, तू नुसती बस." मग हळूहळू पोरीचे हात सुटायचे. मान कलंडायची. आणि डोली इतकी हलकी व्हायची की केरबा मागून विचारायचा, "गुणाजी, आत आहे ना रे पोरगी?"

मग काय झालं, गुणाजी म्हातारा झाला. त्यात नवल नाही, सगळेच होतात. बायको राही आधीच देवाघरी गेली. एकुलती लेक अनसूया, ती नदीपलीकडच्या गावात दिलेली. गुडघे कुरकुरायला लागले, दोन पावलं टाकली की धाप लागायची. पण गुणाजीची एक खोड होती. कुणाचं म्हणून काही घ्यायचं नाही. शेजारणीनं कालवण आणलं की म्हणायचा, "माझ्या घरी चूल आहे." केरबा म्हणाला, खांद्यावर हात ठेव, की म्हणायचा, "माझे पाय शाबूत आहेत." लेक न्यायला आली की म्हणायचा, "लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये." आता बघा, अख्खं गाव ज्यानं खांद्यावर घेतलं, तो कुणाच्या खांद्यावर साधा हात ठेवायला तयार नाही. आडमुठा नाहीतर काय.

रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की हात जोडून म्हणायचा, "देवा, हिंडताफिरता ने रे बाबा. कुणाच्या जिवावर पडून राहायची वेळ आणू नकोस. तिकडं राही वाट बघत असेल."

देवानं तरी किती दिवस ऐकून न ऐकल्यासारखं करायचं? एक दिवस ऐकलं.

भर दुपारची वेळ. गुणाजी अंगणात बसून मासे धरायचं जाळं सांधत होता. तेवढ्यात फाटकातून एक रेडा आत आला. काळाकुळकुळीत, शिंगं तेल लावल्यासारखी चकचकीत.

गुणाजी म्हणाला, "हे कुणाचं जनावर सुटलं?"

रेडा म्हणाला, "यमराजाचं. आणि सुटलेलं नाही, कामावर आहे."

गुणाजी मुळीच घाबरला नाही. घाबरणाऱ्यातला नव्हताच तो. म्हणाला, "मालक कुठं तुझे?"

"मालकांच्या मागं काय थोडी कामं आहेत? ह्या बाजूची माणसं मीच नेतो. चल, बस पाठीवर."

"पाठीवर? जन्मात कुणाच्या पाठीवर बसलो नाही मी. चालत येतो, तू हो पुढं."

"मध्ये नदी आहे. तिला पूल नाही, उतार नाही."

"मग तुझी शेपटी धरतो."

"शेपटी गाईची धरतात," रेडा म्हणाला. "माझी धरलीस तर लाथ मिळेल."

मग काय करतो, बसला बिचारा. पण कसा बसला? पाय आवळून, दोन्ही शिंगं मुठीत धरून, पाठ मुसळासारखी ताठ. रेड्यानं एक पाऊल टाकलं मात्र, त्याचे पाय जमिनीत रुतले. थेट गुडघ्यापर्यंत. दुसरं पाऊल उचलायला जातो तर उचलेना.

"उतर बाबा, आधी उतर," रेडा म्हणाला. मग धापा टाकत म्हणाला, "मी राजे नेले. कमरेला सोनं बांधलेले सरदार नेले. तो राजाचा मामा, त्यालाही मीच नेलं. पण असला जड माणूस नाही पाहिला. खातोस काय तू?"

"एक भाकरी आणि असला तर मासा."

"मग जड कशानं झालास?"

"मला काय ठाऊक?"

"आता भोई तू आहेस का मी?" रेडा म्हणाला. "ऐक. अजून दोनदा येईन. तेव्हाही असाच जड राहिलास तर तुझं नाव सोडून देईन. मग राहा इथंच, कायमचा. केरबा जाईल, तुझी लेक जाईल, लेकीची नातवंडं जातील. तू आपला हिंडत फीर एकटा. राही बसेल तिकडं वाट बघत."

एवढं बोलून त्यानं कुडावरचा दुधीचा वेल मुळापासून ओरबाडून खाल्ला आणि निघून गेला.

गुणाजी हातातलं जाळं टाकून उठला. मरणाचं भय त्याला नव्हतं हो, पण राही कधीच भेटणार नाही म्हणजे काय? रात्रंदिवस एकच घोर, हलकं कसं व्हायचं? आणि मग त्यानं काय करावं? खाणंच कमी केलं. एका भाकरीची अर्धी केली, अर्धीची चतकोर केली. पागोटं जड म्हणून उतरवलं, वहाणा जड म्हणून टाकल्या, आणि शेवटी न्हाव्याला बोलावून मिशासुद्धा काढून टाकल्या. हसू नका. गावही असंच हसलं होतं. उपाशी म्हातारा, बोडकं डोकं, उघडे ओठ. केरबाच्या डोळ्यांना आताशा कमी दिसायचं, तो म्हणाला, "गुणाजी, आवाज तुझा येतो, पण हे उभं कोण आहे?"

असं किती दिवस चालणार? एक दिवस अंगणातच भोवळ आली आणि गुणाजी आडवा झाला. शेजारीण धावली. निरोप गेला, आणि अनसूया नदी ओलांडून आली. तिनं पेज केली, वाटी घेऊन उशाशी बसली. गुणाजीनं तोंड मिटून घेतलं.

म्हणाला, "लेकीच्या घरचं..."

"हो, ठाऊक आहे," अनसूया म्हणाली. "पण आबा, हे घर तुमचं. चूल तुमची, तांदूळ तुमचे. पाणीसुद्धा तुमच्याच रांजणातलं. माझे नुसते हात आहेत. हातांना का कुणाचं घर असतं?"

गुणाजीनं तोंड उघडलं. पेज प्याला. गरम होती, मिठाची होती, आणि खरं सांगायचं तर फार गोड लागली. दोन-तीन दिवसांनी उठून बसला. मग शेजारणीचं कालवणही घेतलं, आणि नदीवर जाताना केरबाच्या खांद्यावर हातही ठेवला.

पण खोड अशी जाते होय? घेतलं की लगेच फेडायचं. शेजारणीनं एक मासा दिला, ह्यानं दुसऱ्या दिवशी चार पाठवले. केरबानं नदीपर्यंत खांदा दिला, ह्यानं गुडघे मोडत केरबाची लाकडाची मोळी घरी आणून टाकली. अनसूया परत निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपलीभर सुकट दिली, आणि वर नवं जाळं. ती बिचारी वाटेनं रडत गेली. म्हणाली, मी काय मजुरीला आले होते?

मग रेडा दुसऱ्यांदा आला. तिन्हीसांजेला आला, गुणाजी दिवा लावत होता. बसला रेड्यावर, शिंगं धरून. रेड्यानं पाऊल टाकलं. ह्या वेळी गुडघे नाही रुतले, खूर तेवढे बुडाले. पण बुडाले ते बुडाले, निघेनात.

"फरक आहे," रेडा म्हणाला. "पण अजून दांडा धरून बसलायस."

"दांडा कुठला? तुझी शिंगं धरलीत मी."

"तेच म्हणतोय मी," रेडा म्हणाला. "आता एकदाच येईन." आणि गेला. जाता जाता शेजारणीची तुळससुद्धा हुंगली, पण खाल्ली नाही. यमाचा असला म्हणून काय झालं, रीत ठाऊक होती त्याला.

मग आला चैत्र. चैत्रात डोंगरजाईची जत्रा असते, बरं का. देवीची पालखी घेऊन गावचे तरणे गडी उजाडताच डोंगर चढून गेले. मागून बायका नैवेद्याच्या टोपल्या घेऊन निघायच्या होत्या. केरबा म्हणाला, "गुणाजी, थांब की. बायकांच्या सोबतीनं जाऊ."

"मी काय नैवेद्याची टोपली आहे, बायकांनी न्यायला?" असं म्हणून गुणाजी एकटाच निघाला, तोही ओढ्याच्या जवळच्या वाटेनं.

आणि ओढ्यात काय होता? डावीकडं दगड. सगळा जन्म दुसऱ्यांना ओरडून सांगितलं, डावीकडं दगड, डावीकडं दगड. आज त्याला सांगायला पुढं कुणी नव्हतं. पाय घसरला, मुरगळला, घोटा टम्म फुगला. उभं राहता येईना. बसला ओढ्यातच, उन्हात.

थोड्या वेळानं वरच्या वाटेवरून बांगड्या वाजल्या. बोलणं ऐकू आलं. गावच्या बायका चालल्या होत्या. झाडीतून त्यांना खालचा गुणाजी दिसणार नव्हता, आणि हाक मारायची तर त्याची जीभ उचलेना. जन्मात कधी मारली नव्हती ना हाक, की या, मला न्या. बोलणं जवळ आलं. डोक्यावरून पुढं जायला लागलं. गुणाजीला वाटलं, गेल्या तर जातील. आणि मग त्याला दिसलं, असंच एकेक करून सगळे पुढं जातायत, केरबा, अनसूया, अनसूयेची पोरं, आणि आपण ओढ्यात बसलोय कायमचे. आणि पलीकडं राही, कपाळावर हात धरून वाटेकडं बघतेय.

त्याला रडू फुटलं. पण तोंडातून आली ती जन्माच्या सवयीचीच हाक. सगळा जीव एकवटून तो ओरडला, "डावीकडं गुणाजी!"

आणि वरून आवाज आला, "हां!"

ती होती ठकूबाई. आता केस पिकलेली, पण पाण्याचे हंडे वाहून खांदे भोयासारखे झालेली. कधीकाळी ती गुणाजीच्या डोलीतूनच या गावात नांदायला आली होती. डोलीतली ती हाक ती कशी विसरेल? चौघीजणी भराभर खाली उतरल्या. ठकूबाईनं देवीला नेसवायचं नवं लुगडं टोपलीतून काढलं, एका जाड बांबूला बांधलं, आणि झाली डोली तयार. एक म्हणाली, "अगं, देवीचं लुगडं?" ठकूबाई म्हणाली, "देवीला सांगू, तुझ्याआधी गुणाजीनं नेसलं म्हणून. हसेल ती."

मग त्यांनी विचारलं, "आबा, घरी नेऊ का वर देवीकडं?"

गुणाजी म्हणाला, "वर."

दोघी पुढं, दोघी मागं, डोली उचलली. चौघीही कधी ना कधी त्याच्या डोलीत बसलेल्या. आता तो आत आणि त्या खाली. गुणाजी लाजेनं अर्धा झाला होता. त्यानं बांबू दोन्ही हातांनी गच्च धरला, अंग ताठ केलं. डोली अशी हेलकावे खाऊ लागली की मागची बाई म्हणाली, "अगं बाई, म्हातारा आहे का जातं?"

मग पुढून ठकूबाई, मान न वळवता, म्हणाली, "आबा, दांडा सोडा. अंग सैल टाका. भार आमचा, तुम्ही नुसते बसा."

गुणाजीनं ऐकलं. शब्द त्याचेच होते. किती पोरींना सांगितले, आणि स्वतःला एकदाही नाही. डोळे भरून आले त्याचे. मग त्यानं एक बोट सोडलं. मग दुसरं सोडलं. मग हात मांडीवर पडले, पाठ लुगड्याला टेकली, मान कलंडली. आणि मागच्या बाईनं विचारलं, "ठके, आत आहे ना गं म्हातारा?"

आहे म्हणजे? चांगला होता. डोळे मिटून पडला होता आणि वाट तोंडपाठ असल्यासारखा सांगत होता, "उजवीकडं काटा!" चौघी म्हणायच्या, "हां!" "वर फांदी!" "हां!" अशी ती वरात डोंगरावर पोचली, तेव्हा तरणे गडी पालखी खाली ठेवून बघतच राहिले.

पाय काही लवकर बरा झाला नाही. पण गुणाजी मात्र बदलला. आता शेजारीण कालवण आणायची, तर हा म्हणायचा, "आज मीठ कमी पडलंय, आंबटही जरा जास्त घाल." ती बाहेर जाऊन हसायची, आणि दुसऱ्या दिवशी जास्त आंबट घालायची. परत काही पाठवायचा नाही. अनसूया न्यायला आली, तर पावसाळाभर तिच्याकडं जाऊन राहिला, आणि तिच्या रांजणातलं पाणी घटाघटा प्याला. गावी आला की संध्याकाळी दोघं म्हातारे नदीवर जायचे. गुणाजी केरबाच्या खांद्यावर टेकायचा, आणि केरबाला दिसायचं नाही म्हणून त्याला वाट सांगायचा. कोण कुणाला नेतंय हे बघणाऱ्याला कळायचं नाही. मिशाही पुन्हा वाढल्या.

मग रेडा तिसऱ्यांदा आला.

गुणाजी म्हणाला, "ये ये. पण आज अनसूया आलीय, तिनं खेकड्याचा रस्सा केलाय. आज नको."

रेडा म्हणाला, "माझा शेवटचा फेरा आहे हा."

"मग फेरा संपवायची घाई कशाला? कडबा घालतो, बस."

रेडा बसला. त्याला तरी रोज रोज माणसं न्यायची कुठं हौस होती? आज खेकडे झाले, उद्या नातवाचं बारसं, परवा केरबाचा खोकला. बांधावरची वैरण खाऊन खाऊन रेडा गोल झाला. गावातली पोरं त्याच्या पाठीवर बसून नदीवर जायची. तुमच्यासारखीच असणार.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एके दिवशी सकाळी, ऊन नुकतं अंगणात आलं होतं, गुणाजी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाला, "अनसूये, पाणी दे गं." तिनं मान हातावर घेऊन पाणी पाजलं. केरबानं पाय मांडीवर घेतले. ठकूबाई दारात उभी होती. गुणाजीनं सगळ्यांकडं एकदा नीट बघितलं आणि रेड्याला म्हणाला, "चल आता."

अनसूया रडली. केरबा रडला. रडणारच, आपलं माणूस गेलं की रडू येतंच, त्यात लपवायचं काय? मग गावानं त्याला खांद्यावर घेतलं, आणि पुढच्या खांद्याला ठकूबाई आली. कुणी तिला नको म्हणालं नाही. आणि सगळे म्हणाले, काय हलका होता म्हातारा.

इकडं रेडा चालला होता. गुणाजी पाठीवर, हात मांडीवर, शिंगं मोकळी. रेड्याचं पाऊल गवतावर पडायचं आणि गवत मोडायचंसुद्धा नाही. नदी आली, तिला पूल नव्हता, उतार नव्हता. रेडा पाण्यात उतरला, मधोमध पोचला, आणि त्याला शंका आली. मान वळवून म्हणाला, "गुणाजी, बसलायस ना रे?"

रेड्यानं नीट पाहिलं, तर गुणाजीला गाढ झोप लागली होती.

पलीकडच्या काठावर राही उभी होती, कपाळावर हात धरून. ती पुढं आली आणि रेड्याला म्हणाली, "हळू उतरव. बऱ्याच दिवसांनी झोपलेत."

मग राही आणि गुणाजी तिकडं सुखात राहिले. अनसूया, केरबा आणि ठकूबाई इकडं सुखात राहिले. आणि रेडा अजून अधूनमधून त्या गावात कडबा खायला येतो, नुसताच.

झाली गोष्ट. आता तुम्ही. मुठी कशाला आवळल्यात? दांडा सोडा. अंग सैल टाका. भार गादीचा, तुम्ही नुसते पडा. अस्सं. शाब्बास.

पोरांनो, आहात ना रे आत?

बरं.